खुर्ची रिकामी, काम चालू

९ जानेवारी, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसलं तर दोष माझा नाही. दोष डेपोतल्या गाड्या धुण्याच्या उताराचा. तिथे तेल सांडलेलं असतं हे मी तोंडी अनेकदा आणि लेखी एकदा कळवलं होतं. शेवटी कळवणाराच घसरला. उजवा हात मनगटात गेला, उजवा पाय घोट्यात. दोन्ही प्लास्टरमध्ये आहेत आणि डॉक्टर म्हणतात सहा आठवडे हलायचं नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा हलायचा प्रश्नच येत नाही.

आज साहेब पाहायला आले. साहेब म्हणजे आमचे डेपो मॅनेजर. माझी नोकरी लागली तेव्हा हे शाळेत असतील. पायाची चौकशी करता करताच मुद्द्यावर आले. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायला माझ्या जागी बसेल असं डेपोत कोणी नाही, असं म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि त्यासाठी मला दोन हाडं मोडावी लागली.

पण गोड बोलून झाल्यावर खरं काय ते बाहेर आलं. मुख्य कार्यालयाने कुठलासा प्रोग्राम विकत घेतला आहे. बटण दाबलं की सगळ्या डेपोच्या ड्युट्या आपोआप लागतात म्हणे. या सहा आठवड्यांत चार्टमध्ये गोंधळ झाला तर तो प्रोग्राम आमच्याकडे बसवतील, आणि मला 'हरवले-सापडले'च्या खोलीत टेबल मिळेल. म्हणजे उरलेली नोकरी लोकांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या चिकटवत काढायची.

उपायही साहेबांनीच काढला. माझा कॉम्प्युटर डेपोत माझ्या टेबलावरच राहील आणि मी तो घरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवायचा. मी विचारलं, म्हणजे बस डेपोत आणि स्टिअरिंग माझ्या घरी, असंच ना? साहेब हसले. मी विनोद केला नव्हता.

१२ जानेवारी, सोमवार

मुलीने लग्नानंतर इथेच टाकून दिलेला लॅपटॉप हिने कपाटावरून काढला, पुसला आणि माझ्या पलंगाशी स्टुलावर ठेवला. मुख्य कार्यालयातली कॉम्प्युटरवाली मुलगी फोनवर होती. आवाजावरून माझ्या मुलीपेक्षाही लहान. मला 'काका' म्हणत होती, आणि दर वाक्यानंतर 'कळलं का काका?' विचारत होती. मी डेपोत पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून त्यावर बसतो आहे, हे तिला दोनदा सांगितलं. ती 'हो का, वा' म्हणाली आणि पुन्हा विचारलं, कळलं का काका?

आधी एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा. मग पलीकडच्या यंत्राचा नंबर टाकायचा. मग मोबाइलवर कोड येतो तो टाकायचा, तोही लगेच, नाहीतर तो शिळा होतो. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. ही आणेपर्यंत पहिला कोड शिळा झाला, दुसरा आला तर माझा चष्मा सापडेना. तिसरा हिनेच वाचून टाकला.

मग नवा पासवर्ड. मी दिला तर यंत्र म्हणतं, कमकुवत आहे. ज्या माणसाच्या शब्दावर पहाटे चाळीस गाड्या डेपोबाहेर पडतात त्याचा शब्द कमकुवत! तीनदा नाकारला. शेवटी त्यात आकडे आणि खुणा घातल्या तेव्हा त्याचं समाधान झालं.

पासवर्डच्या बाबतीत मी पहिल्यापासून कडक आहे. पासवर्ड स्वतःच्या सावलीलाही सांगायचा नाही, हे डेपोत सगळ्यांना मीच शिकवलं आहे. त्यामुळे हिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि डाव्या हाताने टाकायला लागलो. पण डाव्या हाताची बोटं म्हणजे एकाच्या जागी दोन बटणं. तीनदा चुकला आणि यंत्राने दारच बंद केलं. पुन्हा त्या मुलीला फोन, पुन्हा 'काका'. शेवटी नाइलाज झाला. खिडकी लावून घेतली आणि हिला एकेक अक्षर हळू आवाजात सांगितलं. हिने एका झटक्यात टाकलं. वर म्हणाली, "एवढंच होतं होय?"

एवढं सगळं झालं आणि पडदा काळाकुट्ट. ती मुलगी म्हणाली, काका, पलीकडचा कॉम्प्युटर बंद आहे. तो चालू असल्याशिवाय घरून काही दिसणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

कालच डेपोत फोन करून कॉम्प्युटर चालू करायला लावला. काल संध्याकाळी चालू होता, असं शपथेवर सांगतात. आज सकाळी पुन्हा बंद. मला पहिल्यापासून वाटत होतं की यात कोणाचा तरी हात आहे. माझी खुर्ची रिकामी झाली की सुख वाटणारे डेपोत कमी नाहीत. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, पण ड्रायव्हर लांबूचं नाव पहिलं असतं.

साहेबांना सांगून चौकशी करायला लावली. दुपारी त्यांचा फोन आला, आवाजात हसू दाबलेलं. कॉम्प्युटर झाडूवाल्या मावशी बंद करतात. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर कागद चिकटवलेला आहे ना: 'जाताना दिवे, पंखे, कॉम्प्युटर बंद करणे. हयगय केल्यास कारवाई होईल.' खाली माझी सही. मावशी म्हणाल्या, त्यांचा कागद आहे, ते आल्याशिवाय मी तो मोडणार नाही.

त्या भिंतीवर माझे सात-आठ कागद आहेत. ड्युटीच्या खिडकीत कोपर टेकू नये, सुटीचा अर्ज आदल्या दिवशी द्यावा, पान खाऊन बोलू नये. यातला एकही आजवर कोणी पाळलेला नाही. पाळला तो नेमका हा, आणि नेमका आत्ता. याला काय म्हणावं?

१५ जानेवारी, गुरुवार

आज चालू झालं. माझा पडदा, माझा चार्ट, सगळं इथे स्टुलावर. बाण हलवला की डेपोत हलतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ते माझ्या टेबलापुढे उभे होते. म्हणाले, गंमत आहे, बाण आपोआप फिरतोय, अक्षरं आपोआप उमटताहेत. खुर्ची रिकामी आणि काम चालू!

गंमत त्यांना वाटली. मला ते वाक्य दिवसभर बोचतं आहे. खुर्ची रिकामी असून काम चालतं हे एकदा साहेबाला दिसलं की त्याच्या डोक्यात पुढे काय येईल, हे समजायला मोठी अक्कल लागत नाही.

शिवाय उद्याचा चार्ट दुपारी तीनच्या आत फळ्यावर लागावा लागतो. डाव्या हाताने अडीचपर्यंत जेमतेम अर्धा झाला. मग हिला बसवलं. मी सांगायचं, हिने बटणं दाबायची. तीनला चार्ट लागला. ही म्हणाली, जमलं की. मी म्हटलं, तुला फक्त बटणं दाबायची होती, डोकं माझं चाललं होतं. त्यावर ही चहा टाकायला गेली.

१९ जानेवारी, सोमवार

आता घडी बसली आहे. मी उशाला टेकून सांगतो, ही स्टुलाशी बसून लिहिते. काम पाहणाऱ्याला सोपं वाटतं. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीला कोणता कंडक्टर, एवढंच ना? पण कोणाची जोडी कोणाशी जमत नाही, कोण डबल ड्युटी मागतो, कोण सोमवारी हमखास आजारी पडतो, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. ते काय कुठल्या प्रोग्राममध्ये असणार?

हिला प्रश्न फार. आज विचारलं, मुक्कामी गाडीला रोज लांबूच का?

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी सुटते, शेवटच्या गावी रात्रभर उभी राहते आणि पहाटे परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात. ही ड्युटी कोणालाच नको असते, पण कोणाला तरी द्यावीच लागते. लांबू अनुभवी आहे, म्हणून त्याला. आता पाच वर्षांपूर्वी त्याने माझ्याविरुद्ध साहेबांकडे लेखी तक्रार केली होती, ही गोष्ट वेगळी. मी खिडकीवर माणसं पाहून ड्युट्या देतो, असं त्यात लिहिलं होतं. त्याचा आणि मुक्कामी गाडीचा काडीचाही संबंध नाही. तसं असतं तर मी त्याला तक्रारीच्या दुसऱ्या दिवसापासून लावलं असतं. मी चांगला आठवडा जाऊ दिला होता.

हिने लांबूचं नाव टाकलं आणि पुढे गेली.

२४ जानेवारी, शनिवार

दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की दुपारी डोळे मिटतात. मिटतात म्हणजे झोप नव्हे, मी विचार करत असतो. डोळे उघडले तेव्हा चार्ट पूर्ण होता. वाचून दाखव म्हटलं. वाचला. एक-दोन जोड्या मी सांगितल्या तशा वाटल्या नाहीत, पण वाईट नव्हत्या. डोळे मिटण्यापूर्वी मीच सांगून ठेवलं असणार.

दुसरा वैताग फोनचा. डेपोतली माझी खिडकी बंद, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर थेट घरच्या फोनवर. मी ताकीद दिली होती की उचलायचा नाही, खिडकीवरची गऱ्हाणी घरात नकोत. पण मी विचार करत असताना वाजला की ही उचलते. मग पलीकडचा सुटतो. एकाचा मेहुणा, दुसऱ्याची कंबर, तिसऱ्याच्या बायकोला दिवस गेलेले. ही सगळं ऐकते आणि 'बरं भाऊ, बघू' म्हणते. असं म्हटलं की ही माणसं डोक्यावर बसतात. मी खिडकीवर 'बघू' हा शब्द कधी वापरला नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा फोन. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऐनवेळी दांडी मारणारे निम्म्याने कमी झाले. एकही गाडी ड्रायव्हरवाचून उभी राहिली नाही. म्हणाले, घरून तुमच्या कामात बरीच सुधारणा झाली आहे.

सुधारणा! हा शब्द ऐकून कान तापले. सुधारणा बिघडलेल्या गोष्टीत होते. मी त्यांना विचारणार होतो की आधी काय बिघडलं होतं, पण हिने हातातून फोन घेऊन 'थँक्यू साहेब' म्हटलं आणि ठेवला.

ही आज गुणगुणत भांडी घासत होती. हिला कसला एवढा आनंद, कळलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज मी गोळी घेतली नाही, म्हणून उघडं पडलं. मागचे चार्ट चाळत होतो. लांबू गेले दोन आठवडे सकाळच्या शहरी गाडीवर! मुक्कामी गाडीला पहिलवान म्हणतात तो ड्रायव्हर आणि दुसरे तिघे, आळीपाळीने.

हिला हाक मारली. मी म्हटलं, हे कोणी केलं? ही म्हणाली, मी. अंगात एवढा संताप उसळला की प्लास्टरचा हात स्टुलावर आपटला आणि कळ डोक्यात गेली. मी म्हटलं, तुला कोणी अधिकार दिला? तू फक्त बटणं दाबतेस.

ही शांतपणे खुर्ची ओढून बसली. लांबूचा फोन आला होता, म्हणाली. ड्युटीसाठी नव्हता, माझी तब्येत विचारायला होता. बोलता बोलता निघालं. त्याची बायको इस्पितळात आया आहे, तिला कायमची रात्रपाळी. हा मुक्कामी गाडीवर गेला की सहा वर्षांची मुलगी घरात एकटी. शेजारीण झोपायच्या वेळी डोकावते आणि बाहेरून कडी लावते.

मी म्हटलं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं त्याला?

"सांगायला आला होता. दोनदा. तुम्ही खिडकी लावून घेतलीत."

हे खोटं आहे. खिडकी मी जेवणाच्या सुटीत लावतो आणि जेवणाची सुटी हा माझा हक्क आहे. तो नेमका त्याच वेळी आला तर मी काय करणार? मी हिला हे सगळं समजावून सांगितलं. पाच वर्षांपूर्वीच्या तक्रारीचं पुन्हा सगळं सांगितलं. ही ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी ती पोर एक वर्षाची होती."

चार्ट तसाच राहू दिला आहे, कारण मध्येच बदलला तर गोंधळ होईल आणि गोंधळ झाला तर प्रोग्राम बसेल. दुसरं काही कारण नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एवढं करूनही व्हायचं ते होतंच आहे. प्लास्टर शुक्रवारी निघणार, सोमवारी मी हजर होणार, आणि त्याच दिवशी मुख्य कार्यालयाची दोन माणसं येणार. ते प्रोग्रामने चार्ट काढतील, मी माझ्या हाताने काढीन, आणि साहेब दोन्ही शेजारी ठेवून बघतील. म्हणजे माझी परीक्षा. कोणाबरोबर? यंत्राबरोबर! मी काय चूक केली, कोणी सांगत नाही. साहेब म्हणतात, तुमचे गेले काही आठवडे फार चांगले गेलेत, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाची खुर्ची कधी धोक्यात नसते.

हिने विचारलं, तुम्हाला ड्रायव्हरांचं कोणाचं काय ते लिहून देऊ का? मी नको म्हटलं. माझं काम मला शिकवायला अजून घरात शाळा उघडलेली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काठी टेकत डेपोत गेलो. मावशींनी खुर्ची पुसून ठेवली होती. कॉम्प्युटर चालूच होता. भिंतीवरच्या कागदावर मावशींनी दुसरा कोरा कागद डकवला आहे. विचारलं तर म्हणाल्या, तुमचाच कागद आहे, मी फाडला नाही, झाकलाय.

मुख्य कार्यालयाची दोन माणसं माझ्या पाठीशी खुर्च्या टाकून बसली, साहेब शेजारी. मी चार्ट उघडला. हात अजून ताठर आहे, पण सवय हाताची असते. गाड्या वरून खाली भरत आलो आणि मुक्कामी गाडीपुढे लांबूचं नाव पडलं. मी मुद्दाम टाकलं नाही. हातच तिथे गेला.

पुढच्या ओळीवर जाणार तोच बाण माझ्या हाताखालून निसटला. मी माऊस हलवलाही नव्हता. बाण सावकाश वर गेला, लांबूचं नाव उचललं आणि सकाळच्या गाडीपुढे ठेवलं.

मला कळायला वेळ लागला नाही. घरचं कनेक्शन कोणी काढलंच नव्हतं. ही घरी स्टुलाशी बसली होती. मागे मुख्य कार्यालयाची माणसं, समोर माझा पडदा, आणि त्यात माझी बायको. मी नाव ओढून परत मुक्कामीपुढे आणलं. तिने परत नेलं. मी परत आणलं. मग बाण त्या नावाशी येऊन नुसता थांबला. नेईना, हलेना. घरातून बाहेर पडताना मी काही विसरलो की ही दारात अशीच उभी राहते. बोलत नाही, वाट पाहते.

मागचा माणूस म्हणाला, तुमचा काही निर्णय होत नाहीये का? आमच्या प्रोग्रामने बघा, लगेच केलं. आणि त्याने महिनाभराच्या चार्टचा आपला छापलेला कागद साहेबांच्या हातात दिला. साहेब वाचायला लागले आणि थांबले. मुक्कामी गाडीला पूर्ण महिनाभर एकच माणूस. लांबू.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, याला काही अक्कल आहे का? एका माणसाला महिनाभर रोज घराबाहेर झोपवायचं, हा कुठला न्याय?

तो म्हणाला, प्रोग्राम स्वतःच्या मनाने काही करत नाही. त्याला शिकायला तुमच्याच डेपोचे गेल्या पाच वर्षांचे चार्ट दिले होते. तुमचेच.

यंत्र असं निर्लज्जपणे माणसाचा कागद माणसाच्याच तोंडावर फेकेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर बाण अजून थांबलेला होता. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बाण हलला आणि लांबू सकाळच्या गाडीवर गेला.

साहेबांनी विचारलं, का बदललंत? मी पडद्याकडे बघतच सांगितलं, "त्याच्या बायकोला रात्रपाळी असते. घरी लहान मुलगी एकटी राहते." मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या माणसाने विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, माहिती ठेवावी लागते.

प्रोग्राम बसवायचं तूर्त रद्द. साहेबांनी हात हातात घेतला, तोही दुखरा. माझी खुर्ची राहिली. मग मला आनंद का झाला नाही? कारण माझ्या परीक्षेत माझ्या पडद्यावर माझ्याशी ओढाओढ झाली, आणि ती मी हरलो. ती माणसं गेल्याबरोबर मी पासवर्ड बदलला. आजारपणाची गोष्ट वेगळी होती. नियम म्हणजे नियम.

घरी आल्यावर हिने पायाची चौकशी केली, परीक्षेचं विचारलंच नाही. मीच सांगितलं, पासवर्ड बदलला आहे. ही 'बरं' म्हणाली. लॅपटॉप पुसला, पिशवीत घातला आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी खिडकी उघडली. जो येतो तो विचारतो, वहिनी कशा आहेत? पाय माझा मोडला, हात माझा मोडला, आणि सहा आठवड्यांनी हजर झालो तर विचारपूस वहिनींची. एका कंडक्टरने तर डबा दिला, वहिनींना द्या म्हणून. मी लाचेवर कारवाई करीन म्हटलं. तो म्हणाला, लाच तुम्हाला नाही.

मग चार्ट. पहिलवान म्हणाला, माझं उद्याचं वहिनींना सांगितलंय. मी विचारलं, काय सांगितलंय? तो म्हणाला, त्यांना माहितीये. एक वयस्कर कंडक्टर म्हणाला, वहिनी म्हणाल्यात बघू. एका जाड्या ड्रायव्हरने जोडी बदलून मागितली होती, ती वहिनींनी कोणाशी ठरवली हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण ठरलेली होती एवढं नक्की. दोन वाजले तरी माझ्या चार्टमध्ये जागोजागी भोकं. आपोआप भरणारी एकही नाही. खिडकीबाहेर रांग. सगळ्यात पुढे लांबू. तो इतका उंच की खिडकीतून त्याच्या शर्टाची बटणं तेवढी दिसतात.

घरी फोन लावला. मी म्हटलं, पहिलवानाचं उद्याचं काय आहे?

ही म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? मी फक्त बटणं दाबत होते."

फोन मात्र ठेवला नाही. पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. जो शब्द बोलायला हवा होता तो काही जिभेवर येईना. त्याऐवजी वेगळंच आलं. मी म्हटलं, "ऐक. पासवर्ड सांगतो."

सांगायला लागलो तर म्हणते, ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. डेपोत गाड्यांचा आवाज. मग मी मोठ्याने, एकेक अक्षर, आकडे, खुणा, सगळं सांगितलं. रांग चिडीचूप झाली. सावलीलाही सांगायचा नाही असा माझा पासवर्ड अर्ध्या डेपोने ऐकला. एका खुणेचं नाव मला आठवेना, तर बाहेरून लांबूने वाकून सांगितलं. ही म्हणाली, थांबा, लिहून घेते. मी ओरडलो, लिहून घेऊ नकोस. ही म्हणाली, घेतलं.

फोनवर स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पिशवीच्या चेनचा. मी हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसलो. लांबूही खिडकीत वाकून बघत होता, दोन्ही कोपरं टेकून. मी त्याला काही म्हटलं नाही.

बाण हलला. पहिलवान उद्या सुटीवर गेला.

चार्ट तीनला लागला. आता एवढ्या लोकांनी ऐकलेला पासवर्ड ठेवून चालणार नाही, उद्या सकाळीच बदलायला हवा. आणि बदलला की पुन्हा हिला सांगावा लागेल.